आमची वाटचाल : कॅप्चर झालेल्या क्लिपचा दोष शोधताना

आमच्या व्यवसायाची सुरुवात एडिटिंगपासून झाली. घरगुती समारंभांच्या मिनी डीव्ही आणि व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायच्या, नको तो भाग कापायचा, नावे घालायची आणि डिस्क करून द्यायची, एवढेच काम आम्ही दोघे भागीदार करीत होतो. मात्र थोड्याच काळात आमच्या लक्षात आले की कॅसेट घेऊन येणाऱ्यांपेक्षा हार्ड डिस्क घेऊन येणारे वाढले आहेत. त्यांनी कॅप्चर, म्हणजे कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम, घरीच केलेले असे आणि एडिटिंगही त्यांना घरीच, आपल्या हाताने करायचे असे. पण क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने मांडायच्या एडिटिंगच्या पट्टीवर, ठेवली की आवाज ऐकू येई आणि चित्र काळे दिसे, किंवा तासाभराच्या चित्रीकरणातली वीसच मिनिटे सापडत, किंवा बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसे. सॉफ्टवेअर बिघडले आहे, अशीच बहुतेकांची समजूत असे आणि ते दोन-तीनदा काढून पुन्हा टाकल्यावरच ते आमच्याकडे येत. आम्ही पाहिलेल्या क्लिपपैकी फारच थोड्यांमध्ये दोष सॉफ्टवेअरचा निघाला. क्लिप तयार होत असतानाच तो तिच्यात शिरलेला असे. तो नेमका कुठे शिरला हे शोधणे हाच पुढे आमचा मुख्य व्यवसाय झाला.

काही दोष लवकर उमगले. मिनी डीव्ही कॅसेटवरचे डीव्ही चित्रीकरण तासाला सुमारे 13 जीबी जागा घेते आणि एफएटी 32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर कोणतीही एक फाइल 4 जीबीच्या पुढे वाढू शकत नाही, म्हणून कॅप्चर 19-20 मिनिटांच्या सुमारास थांबते. डिस्क एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केली की प्रश्न सुटतो. चित्र काळे दिसत असेल तर बहुधा त्या क्लिपचा कोडेक, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून साठवण्याची पद्धत, सॉफ्टवेअरला ठाऊक नसतो. तीच क्लिप व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्यवस्थित चालते, म्हणून लोक अधिकच गोंधळतात. पण व्हीएलसी स्वतःचे डीकोडर (कोडेक उलगडणारे भाग) सोबत बाळगतो, एडिटिंगचे सॉफ्टवेअर अनेकदा संगणकात असलेल्यांवरच अवलंबून राहते. हालचालीच्या वेळी चित्र थरथरत असेल तर फील्डचा, म्हणजे प्रत्येक फ्रेममधील एकाआड एक ओळींच्या दोन संचांचा, क्रम उलटा लागलेला असतो : डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते, व्हीएचएससारख्या ॲनालॉग कॅसेट उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डांपैकी अनेकांत वरचे. क्लिपच्या गुणधर्मांत ही एक नोंद बदलली की थरथर थांबते.

खरे शिक्षण आम्हाला आवाजाने दिले. एका निवृत्त शिक्षिकांच्या निरोप समारंभाची तासाभराची व्हीएचएस कॅसेट त्यांच्या मुलाने घरी कॅप्चर केली होती आणि शेवटचे, त्यांचे स्वतःचे भाषण ओठांशी जुळत नव्हते. आम्ही आवाजाची पट्टी सरकवून ते भाषण जुळवले आणि फाइल परत दिली. दोन दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले, कारण आता भाषण जुळत होते, पण सुरुवातीचे स्वागत बिघडले होते. आम्ही केवळ दुखरी जागा चेपली होती, दुखण्याचे कारण शोधलेच नव्हते, आणि याची आम्हाला मनापासून लाज वाटली.

त्यानंतर आम्ही ती क्लिप फ्रेम-फ्रेमने पाहिली. मराठी बोलताना प, ब, म या वर्णांना ओठ पूर्ण मिटतात. मिटलेले ओठ उघडतात ती फ्रेम चित्रात शोधायची आणि आवाजाच्या आलेखात तोच वर्ण जिथे उसळतो ती जागा पाहायची, म्हणजे अंतर मोजता येते. मूळ कॅप्चरमध्ये सुरुवातीला फरक शून्य होता, अर्ध्या तासाला 5 फ्रेम आणि शेवटी 10 फ्रेम. सेकंदाला 25 फ्रेम या हिशेबाने 10 फ्रेम म्हणजे 0.4 सेकंद, आणि तासाच्या मानाने पाहिले तर केवळ नऊ हजारावा हिस्सा. फरक इतका सारखा वाढतो तेव्हा कारणही सारखे चालू असले पाहिजे. ते असे होते की चित्र कॅप्चर कार्डातून येत होते, आवाज मात्र साउंड कार्डातून, आणि दोघांची घड्याळे वेगळी होती. अशा वेळी पट्टी सरकवून उपयोग नसतो. संपूर्ण आवाज तेवढ्याच प्रमाणात आखडून किंवा ताणून घ्यावा लागतो. तसे केल्यावर स्वागतापासून भाषणापर्यंत सारे जुळले.

तेव्हापासून सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजल्याशिवाय आम्ही आवाजाला हात लावत नाही. काही क्लिपमध्ये फरक हळूहळू वाढत नाही. बराच वेळ सर्व ठीक चालते आणि एखाद्या मिनिटाला चित्र एकदम 7-8 फ्रेम पुढे जाते. तिथे घड्याळांचा संबंध नसतो, मधल्या फ्रेम गळालेल्या असतात : डिस्क लिहिताना अडखळलेली असते, अँटिव्हायरसने मध्येच तपासणी सुरू केलेली असते, किंवा जुन्या टेपचा संकेत डळमळल्यामुळे कार्डाला चित्र पकडता आलेले नसते. गळालेली फ्रेम कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. कॅसेट पुन्हा कॅप्चर करणे हाच उपाय असतो, आणि टेप जुनी असेल तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपचा डळमळता संकेत स्थिर करणारे यंत्र, मध्ये लावून. हे यंत्र घेण्यासाठी आम्ही दुसरा संगणक घेण्याचे पुढे ढकलले आणि तो निर्णय योग्य होता असे आम्ही आजही मानतो.

म्हणूनच क्लिप हलकी करण्यासाठी कॅप्चर होताच तिचे एमपी 4 करून मूळ फाइल पुसून टाकण्याच्या सवयीला आमचा ठाम विरोध आहे, कारण फ्रेम कुठे गळाल्या आणि फील्डचा क्रम काय होता हे मूळ फाइलमध्येच सर्वांत स्पष्ट दिसते. आलेल्या फाइलची जशीच्या तशी प्रत काढून आम्ही केवळ प्रतीवर काम करतो, आणि कॅसेट जपून ठेवा असे प्रत्येकाला सांगतो.

आता कॅसेट कमी झाल्या आहेत आणि मोबाइलच्या क्लिप वाढल्या आहेत, पण तक्रार तीच आहे. मोबाइल उजेडानुसार आणि यंत्रावरील ताणानुसार फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, एडिटिंगची टाइमलाइन मात्र वेग स्थिर आहे असे धरून चालते, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज सरकतो. फाइलचे रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने स्थिर वेगाची प्रत काढून ती टाइमलाइनवर घेतली की हा त्रास बहुधा उरत नाही, आणि हे काम घरी करता येण्यासारखे असल्यामुळे आम्ही ते करून देण्यापेक्षा शिकवून पाठवतो. चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपल्यामुळे उघडतच नसलेल्या फाइल मात्र आम्ही ठेवून घेतो. एमपी 4 फाइलची अनुक्रमणिका बहुधा चित्रीकरण थांबताना लिहिली जाते. ती लिहायची राहिली तर आत सगळे चित्र असूनही फाइल निरुपयोगी भासते. त्याच मोबाइलवर त्याच सेटिंगने थोडे नवे चित्रीकरण करून, त्याच्या आधारे ही अनुक्रमणिका पुन्हा उभारण्याचा प्रयत्न करता येतो, म्हणून अशी फाइल आणताना तो मोबाइलही सोबत आणावा, अशी आमची प्रत्येकाला विनंती असते.