तो एक क्लॅम्प: घरच्या पोर्चमध्ये डाऊनपाइप बसवला त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, डाऊनपाइप, म्हणजे टर्बोतून (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) निघणारा धूर मागे नेणारा पाइप, बदलणं हे काही फार डोकं लावायचं काम नाहीये. जुना पाइप काढा, नवा घाला, सेन्सर जुन्यातून काढून नव्यात लावा, झालं. पण त्या पाइपच्या वरच्या टोकाला टर्बोशी जो व्ही-बँड क्लॅम्प (दोन तोंडं आवळून धरणारी गोल पट्टी) असतो ना, त्याने मला जे रडवलंय त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहायला बसलोय. व्हिडिओत तो कसा निघतो माहितीये? पाना लावताना दाखवतात आणि पुढच्या क्षणाला क्लॅम्प डायरेक्ट हातात. मधलं सगळं कापलेलं. ते मधलंच मी सांगणारे.

गाडी माझी २०१५ ची ऑक्टाव्हिया, १.८ टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली. आमच्याच संभाजीनगरच्या शेंद्र्याच्या प्लांटमधून निघालेली, त्यामुळे जरा जास्तच जीव आहे तिच्यावर. कंपनीकडून ताकद १८० पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २५० न्यूटन मीटर. आता इथे एक गोष्ट जी विकणारे कधीच सांगत नाहीत. ह्या गाडीत जो सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी आहे, डीक्यू २००, त्याची टॉर्कची मर्यादाच २५० आहे. म्हणजे इंजिनात अजून दम असला तरी गिअरबॉक्स आधीच काठावर. त्यामुळे डाऊनपाइप टाकून वर तगडा रिमॅप मारायचा (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची) आणि मग क्लच गेला, मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं युनिट) गेलं म्हणून बोंबलत बसायचं, हे मला करायचं नव्हतं. मला फक्त टर्बो जरा लवकर जागा व्हायला हवा होता. कंपनीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, टर्बोला अगदी चिकटून असतो, कारण थंड इंजिन चालू केल्यावर तो पटकन तापला पाहिजे, तापला नाही तर धूर साफ करत नाही. पण त्यामुळे टर्बोच्या तोंडाशीच गॅस अडतो. तो अडथळा कमी केला की टर्बाइन लवकर फिरतं, एवढा साधा हिशेब आहे.

कॅट पूर्ण काढून टाकलेला पाइप मी घेतला नाही. बरेच जण घेतात, स्वस्त पडतो, आवाज पण करतो. पण सिग्नलला उभं राहिलं की स्वतःच्याच गाडीचा वास स्वतःच्या नाकात, आणि मागे स्कूटरवर लेकरू घेऊन कोणी उभं असतं त्याचं काय. मी २०० सेलचा हायफ्लो कॅटवाला (आतली जाळी विरळ, गॅस मोकळा जातो) घेतला, ३ इंची, स्टेनलेस. आणि हो, कायद्याचं पण बोलून घेऊ, लपवण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. हायफ्लो कॅट असला तरी कागदावर तो बदलच. इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी ह्यावर बोट ठेवू शकतो. हे माहीत असून करायचं असेल तर करा, नाहीतर इथेच थांबा, माझं काही म्हणणं नाही.

तर क्लॅम्प. त्याचा त्रास गाडी उचलायच्या आधीच सुरू झाला. टर्बो आणि पाइपच्या मधलं मेटल गॅस्केट (फट बंद करणारी चकती) आणि तो क्लॅम्प, दोन्ही नवीनच टाकायचे असं मी ठरवलं होतं, कारण एकदा तापून ताणलेला क्लॅम्प परत लावला की सूक्ष्म लिकेज राहतं आणि मग टिकटिक आवाज येत राहतो. गेलो पार्ट्सच्या काउंटरला. काउंटरवरचा म्हणे, "सर, क्लॅम्प वेगळा येत नाही, पूर्ण कॅट असेंब्लीसोबत येतो." म्हटलं राव, पूर्ण असेंब्लीची किंमत ऐकूनच घाम फुटतो, क्लॅम्पसाठी असेंब्ली घेऊ का? तर म्हणे चेसिस नंबर द्या, बघतो. दिला. मग म्हणे सिस्टिम बंद आहे. मग फोन करतो म्हणाले. फोन काय आला नाही. परत गेलो तर तिथे दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी मीच गाडीच्या पार्ट कॅटलॉगमधून नंबर शोधून कागदावर लिहून नेला तर तोच पठ्ठ्या दोन बटणं दाबून म्हणतो, "हां सर, येतो ना, ऑर्डर टाकावी लागेल." अरे मग आधी काय झालं होतं! ऑर्डर टाकून परत वाट बघा, गॅस्केट आलं, क्लॅम्प नाही, क्लॅम्प आला तेव्हा मी कामात होतो. तर माझं ऐका, पार्ट नंबर स्वतः काढून कागदावर लिहून घेऊन जा, आणि क्लॅम्प आणि गॅस्केट हातात पडल्याशिवाय गाडीचा एकही बोल्ट सोडू नका.

मदतीला मेव्हणा होता. रविवारी सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आत. इंजिन रात्रभर थंड झालेलं. गाडी चार जॅक स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका, अजिबात नाही), खालचं कव्हर, मधल्या बोगद्यावरच्या पट्ट्या, मागच्या पाइपची स्लीव्ह, ड्राइव्हशाफ्टवरचं (चाक फिरवणारा दांडा) हीट शिल्ड, हे सगळं निघालं भराभर. उजव्या ड्राइव्हशाफ्टचे आतले बोल्ट सोडून तो जरा बाजूला केला, नाहीतर पाइप खाली उतरायला वाट मिळत नाही. त्या बोल्टांना बारा टोकांचा स्प्लाइन बिट लागतो. टॉर्क्स बसल्यासारखा वाटतो पण बसत नाही, डोकं गोल करून ठेवतो. बिट आधी घेऊन ठेवा.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे तर दुपारपर्यंत होतंय." मी पण खूश.

मग वर आलो. टर्बो ह्या इंजिनात मागच्या बाजूला, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे. टर्बोवरचं हीट शिल्ड काढलं की क्लॅम्प दिसतो, म्हणजे मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा धरला तर दिसतो. आपल्या गाड्या राइट हँड ड्राइव्ह, त्यामुळे ब्रेक बूस्टर पण त्याच बाजूला येतो आणि हात घालायला जागा अजून कमी. वायपरखालचं प्लास्टिकचं काउल काढलं तर बरीच जागा होते, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. काढाच.

नट जाम. सहा-सात वर्षं लाल होईपर्यंत तापणाऱ्या लोखंडावरचा नट, तो जाम असणारच. लांब एक्स्टेंशन, टोकाला युनिव्हर्सल जॉइंट, त्याला सॉकेट, असा सगळा जुगाड लावला की जोर नटावर न जाता जॉइंटच वाकडा व्हायला लागतो. वरून एकाने सॉकेट नटावर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने रॅचेट फिरवायचं, तेव्हा कुठे जोर पोचतो. आमचा तरी पोचला नाही. पेनेट्रेटिंग ऑइल मारलं, थांबलो, परत मारलं. साधा डब्ल्यूडी-४० आणि गंजात शिरणारं खरं पेनेट्रेटिंग ऑइल ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे, दुसरंच आणा. शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावून गेले, "बिघडली का हो गाडी?" त्यांना काय सांगणार की चांगली चालणारी गाडी आम्ही स्वतःहून उघडून बसलोय. शेवटी ऑइल मारून रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आल्यावर पाना लावला आणि कर्रकन आवाज करून नट हलला. तो आवाज ऐकून जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाही.

आता इथे लक्ष द्या. नट पूर्ण काढायचा नाही. बोल्टच्या आट्यांच्या टोकापर्यंत आणायचा आणि थांबायचं. पूर्ण काढला तर तो नट आणि टी-बोल्ट कुठेतरी सबफ्रेमवर जाऊन पडतो आणि शोधत बसा.

बरं, नट सैल झाला म्हणजे क्लॅम्प निघाला का? नाही! पट्टी खाचेत तशीच घट्ट. लांब स्क्रूड्रायव्हर लावून वरून हलकेच ठोकलं, हलत नाही. इकडून ठोकलं, तिकडून ठोकलं. मेव्हणा म्हणाला हातोडा जोरात मारू का, त्याला थांबवलं कारण पलीकडे टर्बोचं कास्टिंग आहे आणि त्याची किंमत गाडीच्या हप्त्यांसारखी आहे. मग गाडीखाली आडवा पडून विचार करत होतो तेव्हा दिसलं. खालचा ब्रॅकेट आधीच सोडलेला, म्हणजे पूर्ण पाइपचं वजन, कॅटसकट, वर त्या एका क्लॅम्पला लटकत होतं. फ्लँज (पाइपच्या तोंडाची कडा) वजनाने तिरकी ओढली जात होती आणि पट्टी त्यात चावून बसली होती. गाइडमध्ये सगळे ब्रॅकेट आधी सोडायला लिहितात. लिफ्टवर खाली एक माणूस पाइप धरून उभा असतो म्हणून त्यांचं चालतं. पोर्चमध्ये फरशीवर चालत नाही. ट्रॉली जॅकवर लाकडाची फळी ठेवली, पाइपखाली लावली आणि जॅक जेमतेम बोटभर वर घेतला. वजन उतरलं. वरून क्लॅम्पला स्क्रूड्रायव्हरने एक टिचकी मारली आणि तो गपकन खाचेतून सुटून मागे सरकला. एवढ्यासाठी आख्खा रविवार! मी खालून ओरडलो, मेव्हणा वरून ओरडला, बायको बाहेर आली काय झालं म्हणून.

बाकीचं मग सोपं. धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर दोन असतात, पुढचा वाइडबँड, त्याला पाच वायरी, मागच्याला चार, त्यामुळे कनेक्टर उलटे लागत नाहीत, तरी मी टेप लावून खुणा केल्या. २२ चा खाच असलेला सॉकेट मिळतो, तोच घ्या. आट्यांना थोडं अँटी-सीझ (जाम होऊ नये म्हणून लावायचं ग्रीस) लावा पण सेन्सरच्या टोकाला बोट पण लावू नका. नवा पाइप चढवताना क्लॅम्प आधी टर्बोच्या फ्लँजवर मागे सरकवून ठेवायचा, गॅस्केट बसवायचं, मग पाइप जॅकवर वर आणायचा, सगळं आधी सैल लावायचं आणि वरून सुरुवात करून खालपर्यंत घट्ट करत यायचं. क्लॅम्प आवळताना मध्येच रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी टकटक करा आणि परत आवळा, बसतो नीट.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर येतो, घाबरू नका, पाइपला लागलेलं तेल आणि हाताचे डाग जळतात. थंड इंजिनवर कान देऊन ऐका, टिकटिक नाही म्हणजे लिकेज नाही. माझ्याकडे नव्हती. चेक इंजिनचा दिवा मात्र ह्या पाइपवर लागू शकतो, कारण मागच्या सेन्सरला कॅटचं काम कमी झालेलं कळतं. माझा रिमॅप हलकाच आहे, टॉर्क २५० च्या आसपासच ठेवायला सांगितलेला. फरक कुठे जाणवतो म्हणाल तर वाळूजच्या रस्त्याला ट्रक ओव्हरटेक करताना. आधी जो एक विचार करायचा वेळ लागायचा तो लागत नाही. आवाज थोडा भारी झालाय, कॉलनीत कोणी तक्रार केलेली नाही अजून.

पीयूसीची धाकधूक होती. बीएस-४ पेट्रोलला रेझ करून पण टेस्ट घेतात, त्यात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. इंजिन चांगलं गरम करून नेली, पास झाली. गाडी थंड असताना नेऊ नका, कॅट तापलेलाच नसतो.

आणि जुना पाइप विकू नका. भंगारवाला स्वतःहून विचारायला येईल, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं म्हणून त्याला सोडवत नाही. माझ्याकडे आला होता. पण उद्या गाडी विकायची झाली किंवा परत कंपनीसारखी करायची झाली तर तोच पाइप लागणार, आणि नवा घ्यायला गेलात तर परत त्याच काउंटरला उभं राहायचंय.