तुमच्यात प्रमुख कोण?

“ताई, तुमच्या संस्थेत प्रमुख कोण?” हे मला कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाच्या, विभागातली माणसं विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्येही कुणी ना कुणी विचारतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कागदावरचं उत्तर सरळ आहे. नवी मुंबईत, ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोलीत आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा किमान सात माणसं मागतो, आम्ही सातच होतो. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, तीही नोंदवली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, खजिनदार काकांची उभी हयात बँकेत गेली, मी सचिव. पगारी माणूस एकही नाही.

मुंबई-पुण्यात बाहेरच्या देशांतून शिकायला आलेली पुष्कळ मुलं असतात. त्यातली कितीतरी मुलं तीन-तीन वर्षं इथे काढतात आणि एकाही मराठी घरात पाटावर बसून न जेवता परत जातात. ही गोष्ट मला फार लागते. त्या मुलांना आम्ही सुट्टीत चार-आठ दिवस खाडीकाठच्या कोळी-आगरी घरांत राहायला पाठवतो. घरच्यांबरोबर ती पहाटे उठतात, फाटलं जाळं दुरुस्त करायला बसतात, बाजारात टोपली उचलतात. आणि महिन्यातून एकदा गावातली पोरं त्यांच्या हॉस्टेलवर जातात, तेव्हा रांधायची पाळी त्यांची.

ही कल्पना आमची नव्हे. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं तेव्हा त्यांना हेच हवं होतं, एका प्रांतानं दुसऱ्याच्या घरात डोकवावं. आणि पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस माणसानं १९२० मध्ये, पहिल्या महायुद्धानं बेचिराख केलेल्या फ्रान्समधल्या एका गावात, कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतली माणसं घरं बांधायला एकत्र आणली. पुढे १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही येऊन राबला. तो भाषण द्यायला आला नव्हता, हातात फावडं घेऊन आला होता. आम्ही पाहुण्यांना पहिल्या दिवशी एवढीच गोष्ट सांगतो.

संस्थेच्या उद्दिष्टांत ‘शाश्वत विकास’ हेही शब्द आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालापासून त्याची व्याख्या जगभर पाठ झाली आहे: पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला हात न लावता आजच्या गरजा भागवणं. ती व्याख्या मी अर्जांमध्ये अनेकदा लिहिली होती. तिचा अर्थ मात्र मला खाडीच्या चिखलात उभं राहून कळला.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा प्रस्ताव आला. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातला हा निधी. खाडीत तिवरांची, म्हणजे खारफुटीची, पाचशे रोपं लावायची, ती आमच्या परदेशी पाहुण्यांच्या हातून लावायची, अंगात कंपनीचे टी-शर्ट, मागे बॅनर. मिळणाऱ्या पैशात आमचं वर्षभराचं काम निघालं असतं. मी तोंडी होकार देऊन मोकळी झाले होते. तो माझा उतावीळपणा होता. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी काढायची होतीच, त्याआधी सुचवलेली जागा बघून यावी म्हणून ओहोटीच्या वेळी निघालो. बरोबर आमच्या यजमान मावशी होत्या, दिवागावातल्या, आणि त्यांच्याकडे राहिलेली टांझानियाच्या किनाऱ्यावरची एक विद्यार्थिनी.

त्या दोघींचं सकाळपासून गूळपीठ जमलं होतं. स्वाहिलीत साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबू, दुकानाला दुका आणि चहाला चाय म्हणतात हे कळल्यावर मावशी तिला घरातली एकेक वस्तू दाखवून नाव विचारत होत्या. तिवरांपाशी पोचल्यावर ती मुलगी म्हणाली, “म्कोको.” मावशींनी तो शब्द दोनदा घोळवला.

तिवरांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, उघडा चिखलपट्टा होता. रोपं तिथे लावायची होती. मावशींनी लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर चिखलात उतरल्या. एकमेकांजवळच्या दोन भोकांकडे क्षणभर निरखून पाहिलं, एकावर टाच दाबली आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. हात वर आला तेव्हा मुठीत निवटी हा चिखलातला मासा वळवळत होता, डोळे डोक्यावर आलेले, अंगाला काळा चिखल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हितं झारां नको लावू बाय. ही निवट्यांची जागा हाय. शिवल्यापन हितंच मिलायच्या. झारां लावली तर आमी हात कुठं घालायचा?”

मी त्या मुलीला इंग्रजीत सांगायला लागले, तर तिला ते आधीच कळलं होतं. त्यांच्या किनाऱ्यावरही बायका ओहोटीला असाच चिखल तुडवत शिंपले वेचतात. तिनं मला विचारलं, “हा चिखल रिकामा आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

तसं कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीच तसं धरून चाललो होतो. तिवरं हवीतच, भरतीचा जोर तीच अडवतात, माशांची पिलं त्यांच्याच मुळांत वाढतात. पण ठाण्याच्या खाडीत गाळ साचत गेला तशी तिवरं आपसूक पुढे सरकत आली आहेत आणि उघडा चिखल आक्रसतो आहे. ज्या रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) इथे २०१५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ज्यांच्या या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ते पक्षी झाडीत चरत नाहीत, उघड्या चिखलातल्या उथळ पाण्यात चोच उलटी घालून चरतात. शिवाय भरतीचं पाणी जिथे फार वेळ उभं राहतं, तिथे लावलेली रोपं बहुधा तगतही नाहीत. हे सगळं मी नंतर वाचलं. मावशींना ते वाचावं लागलं नव्हतं.

त्या आठवड्यातली सभा जड गेली. खजिनदार काकांनी पासबुक सगळ्यांसमोर ठेवलं. आकडा बघून कुणी काही बोलेना. तरी नकार एकमतानं ठरला. कंपनीला पत्र मी लिहिलं आणि होकार घाईनं दिल्याबद्दल माफीही मागितली. त्यांचं उत्तर आलं नाही.

रोपांऐवजी आम्ही दुसरं काम धरलं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून सुयांसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतून हवा घेतं. त्यांना प्लॅस्टिक गुंडाळलं की झाड गुदमरतं. त्या हिवाळ्यात पाहुणी मुलं आणि गावातली पोरं रविवारी ओहोटी बघून उतरत, मुळं न मोडता एकेक पिशवी सोडवत. निर्माल्याच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, चपला, तुटकी जाळी. फोटोत हे काम काहीच दिसत नाही. तासाभरात चार पावलं पुढे सरकतं.

परत जाताना त्या मुलीनं मला पाकीट दिलं, पाच हजार रुपये संस्थेसाठी. ते मला घेता आलं नाही. परदेशी नागरिकानं दिलेली देणगी रुपयांत असली, इथेच हातात दिली असली, तरी २०१० च्या परकीय योगदान कायद्याप्रमाणे ते परकीय योगदान ठरतं. त्यासाठी वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणीला मुळात तीन वर्षांत किमान पंधरा लाख खर्च केलेला असावा लागतो. आमच्यासारख्यांनी तो कुठून दाखवायचा? पैशावर देखरेख हवी हे मला मान्य आहे, पण एका विद्यार्थिनीचं पाकीट आणि मोठ्या संस्थांचे कोट्यवधी रुपये एकाच दारातून आत यावेत, हे मला पटत नाही. मी तिला कायदा समजावला. तिचे डोळे भरले, माझेही.

सचिव म्हणजे काय, तर बऱ्याच अंशी हे: पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्या परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद करणं, पाकीट परत करणं, होकार मागे घेण्याचं पत्र लिहिणं, आणि इतिवृत्त.

त्या नकाराच्या ठरावाचं इतिवृत्त लिहिताना मी अडले. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लिहायचे असतात. खरं तर सूचक मावशी होत्या आणि अनुमोदक ती टांझानियाची मुलगी. दोघीही सभासद नव्हत्या, म्हणून अध्यक्षांचं आणि काकांचं नाव घातलं. ते वाचून दाखवताना मला ओशाळल्यासारखं झालं, आणि अध्यक्षांनाही झालं असावं, कारण पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी स्वतःहून मावशींचं नाव कार्यकारिणीसाठी सुचवलं.

कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, सोबत नव्या सदस्याचं संमतिपत्र. ते घेऊन मी मावशींच्या ओट्यावर गेले. त्या सुकटीला ऊन दाखवत होत्या. हात पुसून त्यांनी कागद माझ्याकडून पूर्ण वाचून घेतला, सही कुठे करायची ते विचारलं, आणि सही करायच्या आधी एक अट घातली. सभा बुधवारी, शुक्रवारी, रविवारी ठेवायची नाही. त्या दिवशी त्यांचा बाजार असतो.

आमची सभा तेव्हापासून सोमवारी असते.