पायथनचं सुपर आणि उड्या मारणारा बिल नंबर: माझा अनुभव

मी फोंड्याला असतो, कळंगुटच्या एका गेस्टहाऊसचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळायला माझ्याकडे आलं, कोड पायथनमधे, कोणीतरी आधी लिहिलेला, आणि पात्रांवची, म्हणजे मालकाची, तक्रार एकच की बिल नंबर मधेच उडी मारतो. 101 नंतर थेट 103. सीए विचारतो 102 कुठं गेलं? आणि हे फक्त खोली अधिक जेवण असं पॅकेज असलं तरच.

कोड बघितला तर मूळ क्लास (म्हणजे ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात तो साचा) बिल, त्याच्या इनिटमधे, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधे, पुढचा नंबर घेतात. त्यावरून खोलीबिल आणि जेवणबिल, आणि त्या दोघांवरून पॅकेजबिल. पॅकेजबिल दोघांचं इनिट नाव घेऊन बोलवायचं, ते दोघे परत बिलचं इनिट नाव घेऊन बोलवायचे, झालं, नंबर दोनदा वाढला. एकावरून दोन आणि त्या दोघांवरून परत एक, अशा क्लासच्या रचनेला डायमंड म्हणतात.

मग नावं काढून सगळीकडे सुपर घातलं, म्हणजे नाव न घेता पुढच्या क्लासला बोलवायची पायथनची सोय. पायथन 3 मधे नुसता रिकामा कंस पुरतो, 2 मधे क्लास आणि सेल्फ दोन्ही द्यावं लागायचं. पण गंमत बघा, खोलीबिलातलं सुपर बिलकडे जाईल असं कोणालाही वाटेल, पण ऑब्जेक्ट पॅकेजबिलचा असला तर ते जातं जेवणबिलकडे! खोलीबिलच्या फाईलीत जेवणबिलचं नावसुद्धा नाही. कारण सुपर बघतं ते ऑब्जेक्टच्या क्लासचा एमआरओ, म्हणजे कुठल्या क्लासनंतर कुठला बघायचा तो क्रम, तो प्रिंट करून बघा: पॅकेजबिल, खोलीबिल, जेवणबिल, बिल, आणि शेवटी पायथनमधला सगळ्यांचा मूळ क्लास ऑब्जेक्ट. 2003 मधल्या पायथन 2.3 पासून हा क्रम सी3 नावाच्या पद्धतीनं लागतो. आमच्यातला एक जुना पर्लवाला (पर्ल ही दुसरी प्रोग्रॅमिंगची भाषा) यावर हसतो, कारण पर्लचं सुपर कोड ज्या पॅकेजमधे (पर्लमधे क्लासला पॅकेज म्हणतात) लिहिलाय तिथूनच वर बघतं, ऑब्जेक्ट कोणाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग पॅरामीटरचा घोळ. खोलीबिलला किती रात्री ते हवं, जेवणबिलला किती थाळ्या ते, आणि पुढं कोण येणार ते आधी माहीत नाही, म्हणून सगळे पॅरामीटर नावानं द्यायचे, आपला तो काढून घ्यायचा आणि उरलेले डबल स्टारनं (नावाआधी दोन * लावून) पुढं ढकलायचे. शेवटी ऑब्जेक्ट या मूळ क्लासपर्यंत काही उरलं तर टाईपएरर येतो, तो येऊ दे, स्पेलिंग चुकलेलं लगेच कळतं.

खरा त्रास दिला तो प्रिंटिंगच्या एका छोट्या मिक्सिनने, म्हणजे दुसऱ्या क्लासला जोडायच्या छोट्या क्लासने. त्याचं स्वतःचं इनिट होतं पण त्यात सुपर नव्हतं, आणि तो वरच्या क्लासच्या यादीत पहिला, त्यामुळं साखळी तिथंच तुटायची, एरर काही नाही, बिल नंबर मात्र मिळतच नाही आणि तो वाचायला गेलं की भलत्याच ठिकाणी अ‍ॅट्रिब्युटएरर. अर्धं नाव घेऊन आणि अर्धं सुपरनं असं ठेवू नका, त्यापेक्षा जुनं परवडलं.

आता नंबर ओळीनं येतात. चवथ झाली की सीझनची गडबड, सगळं उपसायला वेळच नव्हता म्हणून सुपरवर भागवलं, नाहीतर मी खोली आणि जेवण यांचे क्लास केलेच नसते, सरळ बिलाच्या ओळी केल्या असत्या.