पापणी लवायची राहून जाते

दसाडा, २३ जानेवारी, रात्री नऊ

डोळ्यांत कुणी तरी रवा भरून ठेवलाय असं वाटतंय. तोही बारीक नाही, लाडवाचा जाड. उजव्या डोळ्यात जास्त, कारण दिवसभर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला तोच चिकटलेला होता.

सकाळी विरमगामला उतरले, तंबूत सामान टाकलं आणि तशीच रणात गेले. घरी 'रणात चाललेय' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उंट आणि वाळूच्या टेकड्या येतात. कच्छच्या छोट्या रणात नावाला टेकडी नाही. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली असतं आणि पाणी आटलं की खारट चिखलाची तडकलेली जमीन उरते. क्षितिजापर्यंत सपाट, पोळपाटासारखी. मध्येच एखादा उंचवटा, त्याला इथे 'बेट' म्हणतात, आपलाच शब्द. त्यावर वेडी बाभूळ. तिचं गुजराती नाव 'गांडो बावळ', म्हणजे तिच्या वेडेपणाबद्दल दोन्ही भाषांचं एकमत आहे.

सावली अशी नाहीच. उन्हाळा नसूनही नऊ वाजल्यापासून उजेड वरून येतो तेवढाच खालूनही येतो. टोपीचा उपयोग वरच्या उजेडापुरता.

रानगाढवं पहिल्याच तासात दिसली, अकरा जणांचा कळप. इथे त्यांना घुडखर म्हणतात. १९६०च्या दशकात रोगानं त्यांची संख्या काहीशेवर आली होती, २०२४च्या गणनेत ७,६७२ भरली. हे वाचून आले होते, तरी प्रत्यक्ष दिसल्यावर मी अशी काही तुटून पडले की जणू जगातली शेवटची अकरा हीच. साडेसातशे फ्रेम काढल्या. दहानंतरच्या जवळजवळ सगळ्या मऊ, म्हणजे कडा धूसर. आधी लेन्सवर राग काढला, मग डोळ्यांवर.

आणि आता जेवून परत लॅपटॉप उघडून बसले होते, त्या साडेसातशे निवडायला. तासाभरानं अक्षरं दुहेरी दिसायला लागली तेव्हा बंद केला. दिवसभराचा दोष रणाच्या माथी मारते आहे खरी, पण हा शेवटचा तास माझाच.

२४ जानेवारी, दुपार

कालच्या मऊ फोटोंचा उलगडा झाला. जमीन तापली की तिच्यालगतची गरम हवा लाटांसारखी थरथरते आणि चारशे मीटरवरचा प्राणी त्या थरथरीतूनच लेन्सपर्यंत पोहोचतो. ऑटोफोकस तरी काय धरणार? पाय नसलेली गाढवं पाण्यावर तरंगत चाललेली दिसतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. पण आपली नजरच कमी पडते आहे असं वाटून मी डोळे अजून ताणत राहिले. हवेतला दोष नजर ताणून जात नसतो.

म्हणून आज ठरवून सूर्योदयाला, सव्वासातला, रणात होते आणि साडेनऊला कॅमेरा पिशवीत. या सव्वादोन तासांत मिळेल ते आपलं. त्यानंतर नुसतं बघायचं.

पण सकाळीही अधूनमधून धूसर दिसत होतंच. तेव्हा जी तपासणी केली ती लिहून ठेवते, पुढच्या वेळी विसरायला नको. धूसर दिसलं की आधी सावकाश दोनतीनदा पापण्या मिटायच्या. लगेच स्वच्छ झालं तर डोळा कोरडा पडलाय. नाही झालं तर व्ह्यूफाइंडरशेजारची डायॉप्टरची, म्हणजे तो आपल्या नजरेला जुळवायची, बारीक चकती फिरली असणार. कॅमेरा पिशवीतून काढता-घालताना ती हमखास फिरते. ती जुळवताना समोरच्या पक्ष्याकडे बघायचं नाही, आतल्या आकड्यांकडे बघायचं. आकडे रेखीव दिसले की झालं. माझं धूसर दर वेळी पापण्या मिटल्यावर गेलं, म्हणजे चकती निर्दोष.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई मागे म्हणाल्या होत्या, माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो आणि टक लावून बघताना ते प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं. पापणीच्या कडेला तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. प्रत्येक उघडझापीत त्या बुबुळावर तेलाचा पातळ थर पसरवतात, म्हणजे खालचं पाणी उडून जात नाही. 'डोळ्यांत तेल घालून' बघणं म्हणजे डोळे न मिटता बघणं असंच मी आयुष्यभर समजत आले. प्रत्यक्षात तेल पडतं ते मिटल्यावर! हौबारा पक्षी माळावर चालत असताना मी श्वास रोखते, बोट रोखते आणि त्याबरोबर पापणीही रोखते. वर रणातला खारट वारा. मग डोळे घळाघळा वाहायला लागतात, आणि वाहतात म्हणजे ओले आहेत असं आपण धरून चालतो. कोरडे पडल्यामुळे वाहतात ते.

आईचा फोन येऊन गेला. गुलाबपाणी घाल म्हणाली. 'हो' म्हटलं. घालणार नाही. मागे एका सहलीत कुणाच्या तरी पिशवीतले 'लाली घालवणारे' थेंब घातले होते. दोन तास डोळे मोत्यासारखे, दुसऱ्या दिवशी दुप्पट लाल. तेव्हापासून डॉक्टरबाईंनी दिलेले साधे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब सोडले तर डोळ्यांत काही घालत नाही. आणि रात्री गरम पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर. तंबूवाल्यांकडे बादलीभर गरम पाणी मिळतं. त्यातलं तांब्याभर डोळ्यांचं.

२५ जानेवारी

आज फोटोंचा दिवस नव्हता. वारा सुटला होता, धूळ होती. जीपवाल्या भाईंनी विचारलं, बेन, अगरियांकडे जायचं?

आगर, आगरी, मिठागर हे शब्द आपल्याकडे रायगड-ठाण्यात आहेतच, इथे अगर आणि अगरिया. आपल्याकडे समुद्राचं पाणी आत घेतात, इथे जमिनीखालचं खारं पाणी पंपानं वर काढून पाट्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, सोडतात. पावसाळा ओसरला की कुटुंबं रणात येतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत, सातआठ महिने, तिथेच राहतात. पूर्वी सगळे डिझेलचे पंप होते, आता बऱ्याच ठिकाणी सौर पॅनेल दिसतात.

झोपडीतल्या बाईंनी बशीत चहा दिला. माझ्याच वयाच्या असाव्यात, पन्नाशीच्या अलीकडे. माझे लाल डोळे बघून त्यांनी न बोलता तांब्या पुढे केला, धुऊन घ्या म्हणून. ते पाणी टँकरनं येतं. आठवड्याचं मोजून वापरायचं पाणी मी डोळ्यांवर कसं मारू? नको म्हटलं तर वाईट दिसेल. शेवटी ओंजळभर घेतलं, रुमाल ओला केला आणि तांब्या परत दिला.

दारातून बाहेर पाहिलं तर पांढरंशुभ्र. मीठ धरायला लागलेला पाटा दुपारच्या उन्हात बघणं म्हणजे आरशात सूर्य बघणं. मी गॉगल लावला. त्यांच्या डोक्यावर फक्त ओढणी, कपाळावर पुढे ओढलेली. माझा गॉगल कडेनं वळलेला, बाजूचा उजेड अडवणारा, चांगला महागातला. घरात कुणाला डोळ्यांचा त्रास आहे का, असं विचारलं. त्या हसल्या आणि भाईंना म्हणाल्या, हिला विचार, कुणाला नाही? सासऱ्यांना आता माणूस ओळखायला आवाज लागतो. त्यांना स्वतःला संध्याकाळी सुईत दोरा घालता येत नाही. मलाही येत नाही, असं सांगणार होते, पण गप्प बसले. माझं वयानं आहे.

माझ्या डोळ्यांची तक्रार चार दिवसांची, तीही विकत घेतलेली. एवढंच लिहिते. यापेक्षा जास्त लिहायला गेले तर ते त्यांच्याबद्दल राहणार नाही, माझ्याचबद्दल होईल.

२६ जानेवारी, रात्र

आज तीन चांगल्या गोष्टी घडल्या, त्यातली एक फजितीच.

फजिती आधी. सकाळी फोटो काढल्यावर कॅमेऱ्याचा पडदा काळाकुट्ट. बॅटरी काढली, घातली, देवाचं नाव घेतलं. भाईंनी शांतपणे माझा गॉगल काढून घेतला. पडदा व्यवस्थित होता! पोलराइज्ड काचेतून काही कोनांत पडदा काळा दिसतो. पूर्वी कुणी तरी सांगितलं होतं, ते असं घामाघूम होऊन लक्षात राहिलं.

दुसरी गोष्ट डावा डोळा. जन्मभर उजवा लावून डावा घट्ट मिटत आले. मिटलेला डोळा विश्रांती घेत असेल असं वाटतं, पण तो आवळून धरण्यात सगळा गाल, कपाळ आणि शेवटी डोकं दुखतं. आज दोन्ही उघडे ठेवायचा सराव केला. सुरुवातीला दोन चित्रं एकमेकांवर पडून गरगरलं. तासाभरानं जमू लागलं आणि एक वेगळाच फायदा झाला. खोकडाच्या बिळासमोर बसलो होतो, उजव्या डोळ्यानं बीळ बघत होते आणि मोकळ्या डाव्याला बाहेरून परत येणारी मादी दिसली. एरवी ती चौकटीत शिरेपर्यंत मला पत्ता लागला नसता. आठदहा फ्रेम मिळाल्या. कॅमेरा जीपच्या खिडकीत पिशवीवर टेकवला होता, म्हणून वाट बघताना सरळ डोळे काढून घेता येत होते. ही पिशवी मी घरून रिकामी आणते आणि पोहोचल्यावर गावात धान्य भरून घेते. या वेळी पाच किलो बाजरी.

तिसरी गोष्ट भाईंची. ते चष्मा लावत नाहीत, दुर्बीण क्वचित. तरी माझ्याआधी त्यांना सगळं दिसतं. आज मी त्यांच्याकडेच बघत बसले. ते टक लावून बघतच नाहीत. डोळे अर्धे मिटलेले, नजर क्षितिजावरून संथ फिरते, मध्येच स्टिअरिंगवर येते, परत जाते. ठिपका हलला की थांबते. संध्याकाळी सहाच्या सुमारास गवतातून शॉर्ट-इअर्ड आऊल हे घुबड उठलं तेही त्यांनी असंच टिपलं. मी विचारलं, कसं दिसलं? म्हणाले, "बेन, मैं ढूंढता नहीं हूं." मग माझ्याकडे बघून गुजरातीत, "आंखने आराम आपो."

लॅपटॉप आज उघडला नाही. कार्ड तसंच डबीत. एकदा हात गेला होता.

२७ जानेवारी, विरमगाम स्टेशन

सकाळी शेवटची फेरी. धुकं होतं, पहिला तास काही दिसेना. डोळे मिटून बसले तर कांड्या करकोचे ऐकू आले, आधी डावीकडून, मग डोक्यावरून. धुकं विरळ झालं तेव्हा ते लांब गेले होते.

परत येताना पिशवीतल्या बाजरीचं काय करायचं हा प्रश्न. दर वेळी ज्यांच्याकडे उतरते त्यांना देते. भाई म्हणाले, चबुतऱ्यावर टाकू. सौराष्ट्राकडच्या गावांत पाखरांना दाणे घालायला खांबावर बांधलेले सुंदर चबुतरे असतात, तसा वाटेतल्या गावात एक होता. शिवण उसवून पिशवी उपडी केली. पारवे इतक्या घाईनं उतरले की पंखांचा वारा आणि बाजरीचा कोंडा सगळा तोंडावर आला. मी आपोआप डोळे मिटले. मोबाइल हातात होता, काढायचा तर व्हिडिओ छान झाला असता.

भाईंनी पिशवी झटकून घडी घालून दिली. गाडी पाऊण तास उशिरा आहे असं आत्ता पुकारलं.