आधी टाळूला हात लावा

पॅलिएटिव्ह वॉर्डातल्या, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटच्या वेदना कमी करणाऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला माणसांच्या श्रद्धा कळतात त्या त्यांच्या विनंत्यांवरून. कुणी म्हणतं खिडकी उघडी ठेवा, जीव अडकायला नको. कुणी पलंग फिरवून मागतं, चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला हवा म्हणून. कुणाला फादर येऊन कपाळाला तेल लावेपर्यंत श्वास टिकावा एवढंच हवं असतं. पारशी श्रद्धेत आत्मा तीन रात्री देहाजवळच असतो आणि चौथ्या पहाटे परलोकाकडे नेणाऱ्या चिनवत पुलाकडे जातो. ज्यू कुटुंबं दफन होईपर्यंत देहाला एकटं सोडत नाहीत. आणि कुणी सरळ सांगतं, मेल्यावर काही नाही सिस्टर, दुखू देऊ नका म्हणजे झालं.

यातल्या बहुतेक विनंत्या आम्ही सहज पुऱ्या करू शकतो. पण एकाच पलंगाभोवती तीन श्रद्धा उभ्या राहिल्या आणि वेळ फक्त सहा तासांचा होता, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

पेशंट निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेलं. फुफ्फुसाचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता, सिरिंज पंपावर मॉर्फिन चालू होतं. सगळे त्यांना सरच म्हणत, मीही. रात्रपाळीत झोप लागली नाही की ते बोलायचे. देव, आत्मा, पुनर्जन्म यातलं काहीच ते मानत नव्हते, पण वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेलं कठोपनिषद त्यांच्या जिभेवर होतं. नचिकेता यमाला तिसरा वर मागतो तो भाग त्यांना फार आवडायचा. माणूस मेल्यावर उरतो असं काही जण म्हणतात, उरत नाही असं काही जण म्हणतात, खरं काय ते सांग, असं तो मुलगा विचारतो. आणि यम म्हणतो, याबद्दल पूर्वी देवांनाही शंका होती, तू दुसरं काहीतरी माग. सर म्हणायचे, "सिस्टर, मतभेद आहेत हे त्या पोराने मृत्यूच्या दारात उभं राहून कबूल केलं. मला तेवढं पुरे आहे. पुढे यम काय सांगतो ते मला पटत नाही, पण प्रश्न पटतो."

त्यांचं स्वतःचं म्हणणं थोडक्यात असं, की मेंदूबरोबर आपण संपतो. नेत्रदानाचं कार्ड पाकिटात होतं. ते मला दाखवून म्हणाले होते, "डोळ्यांचं मी ठरवलंय. बाकी मी गेल्यावर जे काही कराल ते तुमच्यासाठी असेल. ज्याला जे करून बरं वाटेल त्याने ते करावं." हे वाक्य मी त्यांच्या फाइलमध्ये त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं होतं. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

सरांच्या पत्नीचा, काकूंचा, पुनर्जन्मावर ठाम विश्वास. थोरली मुलगी, ताई, बरीच वर्षं तिबेटी परंपरेतल्या एका बौद्ध गुरूंकडे साधना करत होती. धाकटा मुलगा वडिलांच्या मताचा, पण तो लांब होता आणि प्रवासात होता.

सर दुपारी गेले, तीन वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, ईसीजीची सरळ पट्टी काढली. मी नळ्या काढायला पुढे झाले तेवढ्यात ताई पलंगाच्या आणि माझ्या मधे आल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सिस्टर, बाबांना आत्ता कुणी हात लावू नका."

त्यांच्या परंपरेप्रमाणे बाहेरचा श्वास थांबला म्हणजे मरण पुरं झालं असं होत नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं एकेक करून विरत जातात, आतला सूक्ष्म श्वास नंतर थांबतो, आणि जाणीव देहात तीन दिवसांपर्यंतही राहू शकते. या काळात देहाला धक्का लागला तर जाणिवेचं लक्ष तिथे ओढलं जातं, ती चुकीच्या वाटेने बाहेर पडते. त्यानंतरचा, पुढच्या जन्माआधीचा मधला काळ, बार्दो, 49 दिवसांपर्यंतचा. त्याची सुरुवातच बिघडू नये, ही त्यांची तळमळ होती.

काकू खुर्चीत बसून होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही माझ्याकडे न बघता. "डोळे काढून घेतले आणि पुढच्या जन्मी हे आंधळे जन्माला आले, तर?"

मुलाचा फोन आला. स्पीकरवर त्याचा आवाज घुमला, "बाबांनी सही केलीय. विषय संपला." पण असा तो संपत नाही. कार्ड कितीही जुनं असलं तरी घरच्यांच्या संमतीशिवाय आम्ही पुढे जात नाही, आणि जाऊही नये.

इकडे घड्याळ चालू होतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सहा तासांच्या आत काढावा लागतो. तोवर पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोकं उशीवर थोडं उचलून ठेवायचं. सरांच्या पापण्या अर्धवट उघड्या होत्या आणि हात लावायला मनाई होती. हात न लावता जे करता येईल ते मी केलं. पंखा बंद केला, कारण वाऱ्याने डोळे सुकतात. एसीचं तापमान खाली आणलं. मग ताईंना म्हटलं, पाच मिनिटं इथेच उभ्याने बोलू या, यांच्यासमोरच.

आमच्या कामात एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगत असते, नव्या मुलींना तर नेहमीच: "नाहीतरी राखच होणार आहे" हे वाक्य कधीही बोलायचं नाही. नेत्रदानाच्या प्रचारात ते सर्रास वापरतात आणि मला त्याचा संताप येतो. समोरच्या बाईला वाटतं की नवरा अजून इथेच आहे, आणि तुम्ही तिला राख दाखवता. श्रद्धा खोडून काढून मिळालेली सही मला नकोच. त्या श्रद्धेलाच विचारावं, तुझ्यात याला जागा आहे का? पुष्कळदा असते. एका मुस्लिम कुटुंबाच्या वेळी त्यांचे मौलाना वॉर्डात आले होते. घरच्यांना भीती ही, की कयामतच्या दिवशी देह अपुरा उठेल. मौलानांनी कुराणातल्या अल-कियामा सुरेची आठवण दिली. विखुरलेली हाडं आम्ही गोळा करू शकणार नाही असं माणसाला वाटतं का, आम्ही तर बोटांची टोकंही नीट जुळवू शकतो, असं तिथे म्हटलंय. शिवाय जेद्दाच्या इस्लामी फिक्ह, म्हणजे धर्मकायद्याच्या, अकादमीने 1988 मध्येच अटी घालून अवयवदानाला मान्यता दिल्याचं त्यांनी सांगितलं. मी बोलून ते जमलं नसतं. तिथे आतल्याच माणसाचा शब्द लागतो.

म्हणून ताईंना मी पटवायला गेले नाही. मला ठाऊक असलेलं कॉर्नियाबद्दल तेवढं सांगितलं. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नसते, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ असतो. प्राणवायू तो मुख्यतः थेट हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. हृदय थांबलं तरी त्याच्या पेशी काही तास जिवंत राहतात त्या यामुळेच. ताई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या शास्त्रातही सगळं एकदम जात नाही." मी म्हटलं, देह एकदम जात नाही हे खरं. जाणिवेबद्दल मी काही सांगू शकत नाही. पेशी टिकतात म्हणून त्यांची श्रद्धा सिद्ध झाली असं मी म्हटलं असतं तर ती शुद्ध फसवणूक झाली असती, आणि त्यांनाही ते कळलं असतं.

मग मी विचारलं, "तुमच्या गुरूंना विचारता का? मरणाऱ्याने स्वतः आधीच दान ठरवलं असेल तर काय करायचं?" ताई फोन घेऊन गॅलरीत गेल्या.

मी काकूंजवळ स्टूल ओढून बसले. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या. म्हणाल्या, "दधीचीने हाडं दिली म्हणतात. पण तो जिवंत होता, त्याने स्वतःहून दिली. मेलेल्या माणसाचं आपण काढून घ्यायचं, ते दान कसं?" हा प्रश्न मला आजवर ऐकलेल्या कितीतरी शंकांपेक्षा खोल वाटला. मी फाइल उघडली आणि सरांचं वाक्य वाचून दाखवलं, 'डोळ्यांचं मी ठरवलंय.' काकूंनी ते पुन्हा वाचायला लावलं. तारीख विचारली. मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी जिवंतपणीच देऊन टाकलेत. आपण नुसते पोचवायचे."

तरी आंधळ्या जन्माची भीती होतीच. मग मी त्यांना श्रीलंकेबद्दल सांगितलं. नेत्रपेढीच्या प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं होतं. तिथे डॉ. हडसन सिल्वा यांनी 1961 मध्ये नेत्रदान संस्था सुरू केली आणि त्या छोट्या देशातून हजारो कॉर्निया परदेशी गेले. तिथल्या बहुसंख्य बौद्धांचा पुनर्जन्मावर विश्वास आहे आणि शिवी राजाची जातककथा घरोघरी माहीत आहे. बुद्ध पूर्वजन्मी शिवी राजा होते, आणि आंधळ्या ब्राह्मणाच्या रूपात आलेल्या इंद्राला त्यांनी आपले दोन्ही डोळे दिले. डोळे दिले की पुढचा जन्म पुण्याचा, असं ती माणसं मानतात. पुनर्जन्म त्यांचाही, काकूंचाही. एकीकडे त्यातून भीती आली आणि दुसरीकडे उदारपणा. काकू बराच वेळ गप्प होत्या. "आमच्यात पण शिबी राजा आहे," शेवटी म्हणाल्या. "कबुतरासाठी मांडीचं मांस कापून देणारा. तोच असेल."

ताई परत आल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. गुरूंनी सांगितलं होतं की करुणेने, स्वतः ठरवून केलेलं दान जाणाऱ्याचं नुकसान करत नाही, ते मोठं पुण्य आहे. फक्त एक करा. पहिला स्पर्श डोळ्यांना नको, टाळूला करा. जाणीव डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडावी, तिचं लक्ष तिकडे जावं.

काकूंनी मान वर केली. "टाळूलाच? अगं, आमच्यातही ब्रह्मरंध्रातूनच जातो म्हणतात जीव."

मला सरांचंच एक रात्रीचं पाठांतर आठवलं. कठोपनिषदाच्या शेवटी आहे ते: हृदयाच्या एकशे एक नाड्या, त्यातली एक मस्तकाकडे जाते, तिने वर जाणारा अमृतत्व मिळवतो. मी ते सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "बाबांनी हे मला कधीच म्हणून दाखवलं नाही." काकू म्हणाल्या, "तू विचारलंस कधी? तुम्ही दोघं नुसते भांडायचात." त्या दुपारी पहिल्यांदाच दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

माझ्या मनात एक शंका होती. ज्या माणसाने आत्माच मानला नाही त्याच्या टाळूतून आत्मा जावा म्हणून आम्ही विधी करायचा, हा त्याच्यावर अन्याय नाही का? पण डोळे सोडून बाकीचं त्यांनी आमच्यावर सोडलं होतं, फाइलमध्ये तसं लिहिलं होतं. मी निश्चिंत झाले.

ताईंनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि तळहात वडिलांच्या माथ्यावर ठेवला. विरळ झालेले केस, केमोनंतर पुन्हा उगवलेले, बाळाच्या जावळासारखे मऊ. मग काकूंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि रामनाम सुरू केलं. त्यांनी मान हलवल्यावर मी पापण्या मिटल्या, सलाइनमध्ये भिजवलेला कापूस ठेवला, उशी उंच केली. दोघींनी संमतीपत्रावर सह्या केल्या.

नेत्रपेढीचा तंत्रज्ञ सातच्या आधी पोचला. तरुण मुलगा, पाठीवर बॅग, हातात बर्फाचा डबा. मी त्याला दारातच सगळं सांगितलं. सर कॅन्सरचे पेशंट होते म्हणून त्याने कागद नीट तपासले. रक्ताचा कॅन्सर किंवा डोळ्यातली गाठ नसेल तर कॉर्निया बहुधा चालतो. मग हातमोजे घालून तो पलंगाच्या डोक्याकडे उभा राहिला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने दोन बोटं सरांच्या टाळूला टेकवली. त्यानंतरच कामाला लागला. वीसेक मिनिटं लागली. कॉर्निया आणि त्याभोवतीची पांढरी कड तेवढी काढली, द्रावणाच्या बाटल्यांत ठेवली, पापण्यांखाली आधार बसवून त्या पुन्हा मिटल्या, तपासणीसाठी रक्त घेतलं. चेहरा होता तसाच होता. काकूंनी जवळ जाऊन पाहून घेतलं, आणि पाहिलं ते बरं झालं.

1930च्या दशकात ओडेसामध्ये डोळ्यांचे सर्जन फिलातोव्ह यांनी मृत माणसाचा कॉर्निया जिवंताला बसवता येतो हे दाखवून दिलं. तेव्हापासून हा प्रश्न जगभर कुणाच्या ना कुणाच्या उशाशी उभा राहतोय. मला वाटतं त्याचं उत्तर प्रत्येक घराला नव्याने शोधावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा वेळ आम्ही वॉर्डातल्या माणसांनी काढून द्यायला हवा. आता पेशंट भरती झाला की मी औषधांच्या ॲलर्जीबरोबर हेही विचारते: शेवटी काय करायचं, काय नाही करायचं, देहाला कुणी आधी हात लावायचा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते.

दोन्ही कॉर्निया दोन वेगवेगळ्या माणसांना बसवल्याचं नेत्रपेढीने घरी कळवलं. नावं सांगत नाहीत. काकू वॉर्डात येऊन स्वतःचं नेत्रदानाचं कार्ड भरून गेल्या, आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'आधी टाळूला हात लावावा, मुलीने.' ताईंनी मात्र स्वतःचा फॉर्म भरला नाही. म्हणाल्या, "बाबांचं त्यांनी ठरवलं होतं. माझं मी अजून ठरवतेय. मला ते तीन दिवस हवे आहेत असं वाटतं." काकूंनी त्यांना आग्रह केला नाही, मीही केला नाही.