तुम्ही विचारलंत म्हणून: चार वर्षं नेमकं काय शिकलीस?

"हे डिझाइन वगैरे सगळं यूट्यूबवर फुकट शिकता येतं की. मग त्यासाठी चार वर्षं कॉलेजात कशाला घालवलीस?" नातेवाईक विचारतात, मैत्रिणींचे भाऊ विचारतात, एका मुलाखतीतही विचारलं गेलं. आजवर मी हसून विषय बदलत आले. आता सांगूनच टाकते.

सॉफ्टवेअर आम्हाला जेमतेम दोन आठवडे शिकवलं. बाकीचं आम्हीही यूट्यूबवरच शिकलो. म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे, घ्या. पहिलं सेमिस्टर ब्रश, काळा रंग आणि हातानं काढलेली अक्षरं, एवढंच. दोन अक्षरांमधली जागा पट्टीनं मोजायची नाही, डोळ्यांनी जुळवायची; कारण गोल अक्षर आणि उभ्या दांड्याचं अक्षर मोजून सारख्या अंतरावर ठेवलं, की जागा कमीजास्त दिसते. तेव्हाच्या स्केचबुकात समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'वेळ वाया.' त्या मुलीशी मी अजून भांडते. दर वेळी मीच जिंकते असं नाही.

तिसऱ्या वर्षी काम मिळालं: औषधाच्या खोक्यात घडी घालून येतं ते माहितीपत्रक नव्यानं करा. मी तेव्हा हेल्व्हेटिका नावाच्या इंग्रजी फॉन्टच्या प्रेमात होते. १९५७ सालचा टाइप, पण वर्गात जो तो तोच वापरायचा आणि प्रत्येकाला वाटायचं की तो आपल्यालाच सापडलाय. इंग्रजीला हेल्व्हेटिका, मराठीला तितकाच सडपातळ लाइट फॉन्ट. तीन कॉलम, ऐसपैस मोकळी जागा, मजकूर साडेसहा पॉइंट (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप), रंग ५५ टक्के काळा, म्हणजे राखाडी. तीन रात्री जागून केलं होतं आणि सुंदर होतं. आजही म्हणेन, सुंदर होतं.

क्रिटच्या, म्हणजे वर्गासमोर कामांची चिकित्सा होते त्या दिवशी सगळ्यांची कामं सॉफ्टबोर्डवर लागली. सर माझ्यापाशी थांबले, पिना काढल्या आणि कागद घेऊन वर्गाबाहेर गेले. आम्ही मागोमाग. समोरच लायब्ररी. तिथल्या काकूंच्या हातात कागद देऊन सर म्हणाले, "काकू, दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं, ते यात कुठं दिलंय?"

काकूंनी चष्मा पुसला. कागद लांब धरला, जवळ आणला. उठून खिडकीपाशी गेल्या. बोट ओळीवरून सरकत होतं, मधेच अडायचं, पुन्हा मागं यायचं. मला ती ओळ पाठ होती. दुसरा कॉलम, वरून चौथी. सांगावंसं वाटत होतं, पण सांगितलं असतं तर मग छापलं कशाला? शेवटी त्यांनी कागद सरांना नाही, मला परत दिला. "छान आहे गं. किती नाजूक केलंयस!" आणि पुन्हा रजिस्टर भरायला बसल्या.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हणाले, इथं उजेड कमी आहे, काकूंचा नंबर वाढला असेल. सर काहीच बोलले नाहीत, पुढच्याच्या कामाकडे वळले. मी रडले नाही असं त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

रात्री तो प्रिंट भिंगाखाली धरला. छापताना राखाडी शाई सहसा वेगळी नसते, काळ्याच शाईचे ठिपके पडतात, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. त्या बारीक अक्षरांच्या कडा ठिपक्यांत विस्कटल्या होत्या. अनुस्वार कुठला आणि छपाईचा ठिपका कुठला, मलाच कळेना. शिवाय देवनागरीत मात्रा-उकारांना खाली-वर जागा द्यावी लागते, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटात मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसतं.

मग शोधाशोध केली. युरोपीय आयोगाच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत अशा पत्रकांसाठी अक्षर किमान ९ पॉइंट सांगितलंय, तेही टाइम्स न्यू रोमन या फॉन्टच्या मापानं, आणि ओळींमध्ये किमान ३ मिलिमीटर जागा. मी तर मराठी १० पॉइंटावर नेलं, रंग पूर्ण काळा केला, मोकळी जागा गेली. गोळ्यांचं अंतर सगळ्यात वर, जाड अक्षरात. दिसायला अगदी रेशनकार्डासारखं झालं.

त्याला पहिल्यापेक्षा दोन मार्क कमी मिळाले. शेरा होता, 'रचना ढिली.' रचना ढिली होतीच, ते मलाही दिसत होतं. पण मग मला लायब्ररीत नेलं कशाला होतं? आणि वाचता येईल आणि नीटसही दिसेल असं तिसरं का नाही केलंस, असं विचाराल, तर सबमिशन संपलं होतं आणि मी दमले होते.

हे यूट्यूबवर शिकता आलं असतं का? ठिपके, पॉइंट, ते सगळं आलं असतं. बाकीचं कदाचित घरात कुणाच्या तरी हातात कागद देऊन आलं असतं. पण मी दिला असता का? स्वतःहून तर नक्कीच नाही.

पोर्टफोलिओत आजही पहिलंच पत्रक आहे. मुलाखतीत लोक त्यावर थांबतात, "छान आहे" म्हणतात. दुसरं घेऊन काकूंकडे जायचं होतं. परीक्षा संपेपर्यंत रोज लायब्ररीत जात होते, पुस्तकं बदलत होते. पत्रक बॅगेतच राहिलं.