कोडियाकची हरणं, अस्वलं आणि छातीवरचं पिस्तूल

खांद्याला रायफल असताना वर पिस्तूल कशाला, हे अलास्काला निघण्याआधी मला बहुतेक सगळ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर शिकारीनंतरच्या तासाभरात आहे. हरीण पडलं की रायफल बाजूला ठेवावी लागते. दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताचरबीने माखलेले, मान खाली, पाठ झुडपाकडे, आणि गोळीचा आवाज तर केव्हाच दरीभर पोचलेला. कोडियाकच्या काही अस्वलांना हा आवाज खाण्याच्या आमंत्रणासारखा ओळखीचा झालाय, असं तिथले जुने शिकारी सांगतात. त्या तासाभरात रायफल दोन पावलांवर असली तरी लांबच असते. पिस्तूल त्या वेळेसाठी. बाकीचा दिवसभर ते नुसतं सव्वा किलोचं ओझं आहे.

कोडियाक हा अलास्काच्या दक्षिणेचा बेटसमूह. अँकरेजहून विमानाने तासाभराचा रस्ता. मुख्य बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात येतो आणि तिथे परवान्याने शिकार चालते. इथलं सिटका जातीचं काळ्या शेपटीचं हरीण मूळचं इथलं नाही. १९२४ पासून पुढच्या काही वर्षांत ते आग्नेय अलास्कातून आणून सोडलं. अस्वल मात्र इथलंच. तपकिरी अस्वलाची ही उपजात सुमारे १२,००० वर्षं मुख्य भूमीपासून तुटून राहिली आहे. संख्या साधारण ३,५००, आणि मोठा नर ६५० किलोच्या पुढे जाऊ शकतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोह वेचायला गेलेल्यांवर चाल करून येणारं आपलं अस्वल वेगळ्या जातीचं आणि याच्यापुढे फारच लहान, जखमा तेही भयंकर करतं ती गोष्ट निराळी.

भीती मात्र प्रमाणात ठेवा. कोडियाकवर अस्वलाच्या हल्ल्यात माणूस मरणं अतिशय दुर्मीळ आहे. १९९९ मध्ये युगानिक बेटावर एका हरीण-शिकाऱ्याचा असा मृत्यू झाला, त्याची आठवण तिथे अजून काढतात.

आम्ही दोघे गेलो. मी सिएटलकडचा, सोबती अँकरेजचा रहिवासी, माझा जुना सहकारी आणि बऱ्याच हंगामांचा अनुभवी. नोव्हेंबरचा सुरुवातीचा आठवडा निवडला, कारण तेव्हा नर माजावर असतात आणि उघड्यावर फिरतात. ‘नोव्हेंबरात अस्वलं झोपलेली असतात’ या भरवशावर जाऊ नका. गाभण माद्या आधी गुहेत जातात, मोठे नर सगळ्यांत शेवटी, आणि हिवाळा सौम्य असला तर डिसेंबरातही बाहेर दिसतात.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण आपल्या लोकांचे प्रश्न तिथेच सुरू होतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार हा विषयच संपला, त्यामुळे परवाना कसा काढायचा हेही बहुतेकांना नवीन असतं. अलास्काबाहेरच्या अमेरिकन नागरिकाला हरणासाठी गाईड बंधनकारक नाही. तपकिरी अस्वल, डॉल नावाचा पांढरा रानमेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी गाईड किंवा तिथला जवळचा नातेवाईक सोबत लागतो. जे अमेरिकेचे नागरिकही नाहीत आणि रहिवासीही नाहीत, त्यांना कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाईड लागतोच. बाहेरच्यांसाठी परवाना १६० डॉलर आणि हरणाचा टॅग (मारलेल्या जनावराला लावायची खूणपट्टी) ३०० डॉलर, पण निघण्याआधी चालू वर्षाचे नियम राज्याच्या मत्स्य व वन्यप्राणी विभागाकडून वाचून घ्या.

एच-१बीवर असलेल्यांनी इथे थांबून नीट वाचावं. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मुळात गुन्हा आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. अपवादाच्या जोरावर मित्राची बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. इथे चुकलात तर प्रश्न दंडाचा राहत नाही, व्हिसाचा होतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

दुसरी अडचण अशी की रायफल परराज्यातल्या दुकानात घेता येते, पिस्तूल नाही. म्हणजे ‘अँकरेजला उतरून घेऊ’ हा बेत जमत नाही. आपल्या राज्यात घ्या, तिथेच सराव करा आणि विमानाने न्या. अलास्कात वय २१ पूर्ण असेल आणि बंदूक बाळगायला कायद्याची आडकाठी नसेल, तर पिस्तूल उघडं किंवा कपड्याखाली बाळगायला २००३ पासून वेगळा परवाना लागत नाही. गाडीने कॅनडामार्गे जायचा विचार असेल तर पिस्तूल घरीच ठेवा. रायफल सीमेवर जाहीर करून, फॉर्म आणि शुल्क भरून नेता येते. अस्वलाचं कारण सांगून पिस्तूल नेता येत नाही.

विमानात बंदूक रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर तोंडाने जाहीर करून. किल्ली तुमच्याकडेच. काडतुसं डब्यात, बहुतेक कंपन्यांची मर्यादा ५ किलो. न्यू जर्सीच्या मंडळींना एक वेगळी सूचना: परतीचं विमान चुकून किंवा वळवल्यामुळे भलत्याच राज्यात रात्र काढायची वेळ आली, तर बंदुकीची पेटी ताब्यात घेऊ नका, ती विमान कंपनीकडेच राहू द्या. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत पेटी हातात घेतलेल्या प्रवाशांना अटक झाली आहे.

आता हत्यार. माझ्याकडे १० मिलिमीटर गोळीचं ग्लॉक २० पिस्तूल, १५ काडतुसांचं. सोबत्याकडे .४४ मॅग्नमचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. कोणतं चांगलं यावर आमचा अँकरेजपासून सुरू झालेला वाद परतीच्या विमानातही चालू होता. रिव्हॉल्व्हरची गोळी जड, आणि अंगाला टेकवून झाडलं तरी ते अडत नाही. पिस्तूल तसं टेकलं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकून चाप निकामी होऊ शकतो. उलट १० मिलिमीटरचा धक्का मला पेलतो, दुसरी गोळी पहिलीच्या जवळ लागते. .४४ मध्ये माझी दुसरी गोळी कुठे जाते ते गोळीलाच ठाऊक. हलक्या धातूचं .४४ तर दुकानात हातात घेऊन छान वाटतं आणि रेंजवर तिसऱ्या गोळीनंतर ठेवून द्यावंसं वाटतं. माझं मत: जे तुम्ही कंटाळा न करता दर आठवड्याला झाडाल, ते घ्या. २०१६ मध्ये अलास्का प्रायद्वीपावर एका मुरलेल्या गाईडने साध्या ९ मिलिमीटरने चालून आलेलं तपकिरी अस्वल मारलं. त्यावरून ९ मिलिमीटर पुरेसं ठरत नाही, पण हात मुरलेला असण्याला किती किंमत आहे ते कळतं.

गोळी मात्र निवडून घ्या. माणसापासून बचावासाठी विकतात ती पोकळ टोकाची गोळी इथे नको. ती लवकर फुलते आणि जाड चरबी-स्नायूत उथळ थांबते. कडक ओतीव शिशाची, चपट्या टोकाची गोळी आत खोल जाते. घरी असताना त्याच काडतुसांच्या निदान दोन-तीन मॅगझिन्स झाडून पाहा. काही पिस्तुलांना ती पचत नाहीत.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, छातीवरचंच घ्या. कमरेवर सॅकचा पट्टा येतो, पावसाळी जॅकेट येतं, पाण्यात उतरताना वेडर (पायांपासून वरपर्यंतचा जलरोधक पोशाख) येतं. छातीवर तीनही अडचणी नाहीत, आणि वाकून हरीण कापताना मूठ हाताशी असते. दुर्बिणीचा पट्टाही छातीवरच असतो, त्याचं भांडण घरीच मिटवा: दुर्बीण वर, पिस्तूल तिरकं खाली. सराव ओले हातमोजे घालून, जॅकेट चढवून आणि सॅक पाठीवर घेऊनच करा. धावत सुटलेलं अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे २० मीटर दीड सेकंदात. माझं लक्ष्य होतं दोन सेकंदांत पिस्तूल बाहेर आणि सात यार्डांवरच्या कागदी ताटलीत पहिली गोळी. आकडेमोड पाहिलीत तर कळेल की तेही उशिराच आहे. म्हणून झुडपापासून लांब, उघड्यावर काम करणं हे कुठल्याही कॅलिबरपेक्षा महत्त्वाचं.

आणि स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वल-अभ्यासकांनी आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासून २००८ मध्ये दाखवलं की तपकिरी अस्वलांवर स्प्रे वापरला तेव्हा ९२ टक्के वेळा त्यांचं नको ते वागणं थांबलं. २०१२ मध्ये त्यांनी १८८३ ते २००९ मधल्या बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. पिस्तुलांना ८४ टक्के यश, रायफलींना ७६. पिस्तूलवाले हा आकडा झेंड्यासारखा मिरवतात. पण त्याच अभ्यासात बंदूक वापरणाऱ्यांना आणि न वापरणाऱ्यांना झालेल्या इजांत फरक आढळला नाही, आणि बंदूक फसण्याची कारणं म्हणजे वेळच न मिळणं, अडकणं, नेम चुकणं. आम्ही दोन्ही नेलं. स्प्रे कमरेला, पिस्तूल छातीवर. वारा जोरात तोंडावर असेल तर स्प्रे आपल्याच डोळ्यांत येतो, आणि कोडियाकला वारा जोरातच असतो. स्प्रे प्रवासी विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, तसाच स्टोव्हचा गॅसही. दोन्ही कोडियाक गावात घ्या. पुढच्या पाणविमानाच्या पायलटला स्प्रे आहे हे आधी सांगा. तो केबिनमध्ये न ठेवता तरंगत्या पायांच्या कप्प्यात ठेवतात.

बीव्हर जातीच्या पाणविमानाने आम्हाला एका खाडीच्या टोकाशी सोडलं. वर गवताळ सोंडा, मधल्या घळींत ऑल्डरचं रान. करवंदीच्या जाळीतून वाट काढलेल्याला ऑल्डर समजेल, फक्त हा पुरुषभर उंच आणि फांद्या उताराच्या दिशेने आडव्या. त्यात पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. आम्ही ठरवलं होतं की घळीत पडेल असं हरीण मारायचंच नाही, कितीही चांगलं शिंग असो. सोबत्याने एक उत्तम नर या नियमापायी सोडला आणि संध्याकाळभर त्याच्याबद्दल बोलत राहिला.

आम्ही मारलेलं पहिलं हरीण उघड्या सोंडेवर पडलं, काही घडलं नाही. दुसरं उतारावर घसरत ऑल्डरच्या कडेपर्यंत गेलं. आधी ते ओढून मोकळ्या गवतात आणलं, मग चाकू काढला. सोबती माझ्याकडे पाठ करून रायफल घेऊन उभा. हे काम गप्पा मारत करायचं नाही, त्याने झुडपाकडेच बघायचं. मी कोथळा न काढता तंगड्या आणि पाठीचं मांस सोडवायला घेतलं. ही पद्धत शिका, वेळ निम्मा लागतो. सुटलेला प्रत्येक भाग लगेच वरच्या अंगाला, ५० पावलांवर नेऊन ठेवला. मागची दुसरी तंगडी निघत असताना तो हळूच म्हणाला, “आलंय.”

खालच्या बाजूला, शंभर-एक मीटरवर, ऑल्डरमधून एक अस्वल मागच्या पायांवर उभं राहून वास घेत होतं. वारा आमच्याकडून त्याच्याकडे. मी उभा राहिलो, मूठ धरली, पिस्तूल बाहेर काढलं नाही. दोघे खांद्याला खांदा लावून मोठ्याने, साध्या आवाजात बोलू लागलो. ते खाली बसलं आणि सरळ आमच्याकडे न येता आडवं चालू लागलं, वाऱ्याचा अंदाज घेत. आम्ही ती तंगडी उचलून मागे-मागे चढाकडे सरकलो, पाठ न दाखवता. अस्वल येऊन सांगाड्याशी बसलं आणि आमच्याकडे पाहायचंही सोडून दिलं. मान आणि फासळ्यांचं मांस त्याच्या वाट्याला गेलं. खाण्याजोगं सगळं मांस बाहेर काढणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून परतल्यावर झालेला प्रकार आम्ही विभागाला कळवला.

सिटका नर साधारण ५५ किलोचा, दोघांत एका फेरीत निघतो. मूस या अवाढव्य हरणाला अनेक फेऱ्या लागतात आणि धोका त्या परतीच्या फेऱ्यांत असतो. पहिल्यांदा जात असाल तर हरीणच निवडा. मांस मागे ठेवावंच लागलं तर कोथळ्यापासून लांब, दुरून दिसेल अशा जागी ठेवा. परत जाताना वरून, दुर्बिणीने पाहत आणि आवाज करत जा. ढीग मातीपाल्याने झाकलेला दिसला, तर त्याचा मालक बदललाय आणि तो जवळच आहे.

तंबूभोवती बॅटरीवरचं विजेचं कुंपण लावलं होतं. मांस तंबूपासून १०० यार्ड दूर, त्यालाही वेगळं कुंपण. रात्री पिस्तूल होल्स्टरसकट, डोक्याजवळ एकाच ठरलेल्या जागी, टॉर्च त्याला लागून. रात्री लघवीला उठताना सोबत्याला हाक मारायची, हा नियम पाळा. अंधारात धडपडणाऱ्या सोबत्याला अस्वल समजणं अवघड नाही.

अस्वल मारायची वेळ आलीच तर प्रकरण गोळीवर संपत नाही. जिवाच्या रक्षणासाठी मारलेलं अस्वल राज्याचं असतं. नख्यांसकट कातडं आणि कवटी तुम्हीच काढून जमा करायची, लगेच कळवायचं आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. तुम्ही डिवचलं असेल किंवा अन्न उघडं टाकलं असेल, तर तो बचाव धरला जात नाही. मारलेलं हरीण वाचवायला अस्वल मारणंही साधारणपणे यात बसत नाही. सोडून द्या आणि निघा.

खाण्याचं सामान जादा न्या, धुक्यामुळे विमान यायला उशीर होतोच, आमचंही झालं. खाऱ्या हवेत पिस्तुलावर एका रात्रीत तांबूस डाग येतात, रोज पुसून तेलाचा हात फिरवा आणि होल्स्टर चामड्याचं असेल तर रात्री पिस्तूल ओल्या चामड्यात ठेवू नका. परतताना उरलेला स्प्रे आणि गॅस गावातच कुणा पुढे जाणाऱ्याला देऊन टाका. मांस गोठवून मेण लावलेल्या मासळी-खोक्यांत भरलं तर चेक-इन सामान म्हणून जातं, खोकं २३ किलोच्या आत ठेवा. आणि काउंटरवर बंदुकीची पेटी पुन्हा जाहीर करायची असते, तेव्हा रांगेत थोडं लवकर उभे राहा.